मागून धक्का बसलेल्या मोटारसायकलची तपासणी

गोव्यात मोटारसायकल हे केवळ घरगुती वाहन नव्हे. पिवळ्या मडगार्डची काळी मोटारसायकल घेऊन प्रवासी वाहून नेणारे 'पायलट' हा येथील वाहतूक-व्यवस्थेचा एक मान्यताप्राप्त घटक आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतणारी गृहिणी पिशव्यांसह ज्या आसनावर बसते, त्या आसनाचा सारा भार वाहनाच्या मागील भागावर पडतो. म्हणूनच मागून एखाद्या वाहनाचा धक्का बसल्यानंतर वाकलेले मडगार्ड हाताने सरळ करून तसेच पुढे निघून जाण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती धोक्याची आहे.

अपघात होताच प्रथम जखमींची व्यवस्था पाहावी, इंजिन बंद करावे आणि पेट्रोल गळत नसल्याची खात्री करून घ्यावी. वाहनाची तपासणी त्यानंतरची.

धक्का नेमका कोठे बसला, हा पहिला प्रश्न होय. तो टायरच्या वर, म्हणजे दिवा, नंबरपट्टी व मडगार्ड यांवर बसला असेल, तर आघात आसनाखालील नळ्यांकडे आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या जोडांकडे जातो. मोटारीचा बंपर थेट टायरवर आदळला असेल, तर वरचा भाग बहुधा धडधाकट दिसतो. परंतु तो आघात आसामार्फत चाक धरून ठेवणाऱ्या दुहेरी दांड्यात, म्हणजे कारागीर ज्याला 'स्विंग आर्म' म्हणतात त्यात, शिरलेला असतो. काच फुटलेली नाही म्हणून वाहनधारक निश्चिंत होतो, आणि खरा बिघाड नेमका याच प्रकारात असतो.

वाहन मधल्या स्टँडवर उभे करून मागील चाक हाताने फिरवावे. रिमच्या कडेजवळ एखादी काडी स्थिर धरली असता अंतर कमीजास्त होत असेल, तर रिम वाकली आहे. तारांचे चाक असल्यास प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. सैल वा तुटकी तार बद्द वाजते. ओतीव मिश्रधातूच्या चाकाला तडा गेला असल्यास ते बदलणे हाच मार्ग आहे. मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. केवळ चाकच हलत असेल तर बेअरिंग, आणि चाकासह संपूर्ण दांडा हलत असेल तर त्याच्या खिळीजवळील बुश, असा दोष ओळखता येतो.

चाकांच्या सरळ रेषेची परीक्षा साध्या दोरीने होते व तिला खर्च नाही. वाहन एकाने सरळ उभे धरावे. जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर मागील टायरला मागून दोरीचा वेढा द्यावा आणि तिची दोन्ही टोके, मागील टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम स्पर्श होईल अशा रीतीने, दोन्ही बाजूंनी पुढील चाकाच्या पलीकडे ताणून न्यावीत. दोरी स्टँडला वा सायलेन्सरला अडू देऊ नये. हँडल सरळ असता पुढील टायर व दोरी यांतील अंतर दोन्ही बाजूंस सारखे आले पाहिजे. ते विषम आल्यास लगेच निष्कर्ष काढू नये; साखळी ताणण्याच्या खुणा दोन्ही बाजूंस समान आहेत की नाहीत ते आधी पाहावे. धक्क्याने आस सरकलेला असेल, तर तो जागेवर आणल्याने दोष मिटतो. खुणा समान असूनही अंतर विषम राहिले, तर दांडा किंवा सांगाडा वाकला आहे असे समजावे. मागे काही पावले उभे राहून पाहिल्यास पिळलेल्या दांड्याचे चाक पुढील चाकाच्या तुलनेत एका अंगाला कललेले दिसते.

सांगाड्याच्या जोडांवर रंगाचे पोपडे, केसासारखी रेघ किंवा नळीवर सुरकुती आढळल्यास वाहन चालवू नये. अशी नळी गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकून देणारे कारागीर गावोगावी आहेत. नळी सरळ दिसते, पण तिचे मूळ बळ परत आले असे मानता येत नाही.

दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरपैकी एकाच्या दांडीवर तेल आले असेल किंवा आसन दाबता ते अडखळत असेल, तर ते वाकलेले असण्याचा संभव असतो. ब्रेकची सळई व तिचा आधारदांडा मात्र तपासणीत हमखास विसरला जातो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 134 नुसार, अपघातात कोणास इजा झाली किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि घटनास्थळी पोलीस अधिकारी नसेल, तर चालकाने नजीकच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत वर्दी द्यावयाची असते; विमा कंपनीसही कळवावयाचे असते. केवळ त्रयस्थ-विमा असलेल्या धारकास स्वतःच्या विम्यातून दुरुस्तीखर्च मिळत नाही, परंतु दोष धडक देणाऱ्याचा असल्यास त्याच्या वाहनाच्या विम्यावर मागणी करता येते. यास्तव सुटे भाग उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि मोडलेले भाग सर्वेक्षकाने पाहेपर्यंत जपून ठेवावेत.

दुरुस्तीनंतर मागील दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा पायाच्या व हाताच्या अशा दोन्ही ब्रेकांनी लागतो की नाही ते पाहावे. मडगार्डखाली चेपलेली तार त्या दिवशी चालते आणि पहिल्या पावसात फ्यूज उडवते. शेवटी मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे कोणासही न बसवता, मंद गतीने वाहन चालवून ते एका बाजूस ओढते काय हे पाहावे. ओढत असल्यास दोरीची परीक्षा पुन्हा करावी.