दहा हजारांतलं विमान

पहाटे साडेपाच

रब्बीची ज्वारी काढून झाली की तुळजापूर रस्त्याला, तामलवाडीच्या पुढची रानं मोकळी होतात. कडब्याच्या गंजी बांधाला लागतात आणि मधे विमान उतरवण्याएवढी जागा मिळते. मी स्कूटर चालवतो. मागे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं पोरगं, त्याच्या मांडीवर सव्वा मीटरचा पंख आडवा. समोरून ट्रक आला की दोघंही श्वास धरतो.

एवढ्या लांब यायचं कारण आमच्या सोलापूरचा विमानतळ. पूर्वी तो नावापुरता होता, तेव्हा होटगी रस्त्याकडच्या माळावर उडवलं तरी कुणी विचारत नव्हतं. मग १५ जून २०२३ ला विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जमिनीवरून हलायचं नाही, ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापुढे साधारण ४०० फूट. सोलापूरचा नकाशा काढून बघा, ८ किलोमीटरच्या वर्तुळात जवळजवळ सगळं शहर बसतं. नान्नजकडे मोकळा माळ आहे, पण तिथे माळढोकाचं अभयारण्य. म्हणून इकडे. खरी विमानं यावीत म्हणून सह्या करणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

उजाडता उजाडता वारा पडलेला असतो. आठनंतर तापलेल्या रानातून हवा वर उसळायला लागते आणि हलकं विमान पतंगासारखं गोते खातं. आज आधी लांबून तपासणी. पोराने विमान धरलं, मी रेडिओ हातात घेऊन साठ पावलं मागे गेलो, मोटर अर्ध्यावर ठेवून रडर हलवला. हलला. मोटर बंद असताना सगळ्यांचंच चालतं; मोटरचा करंट वाहायला लागल्यावर रिसीव्हर थरथरतो का ते बघायचं असतं. मग पंखाखाली दोन बोटं, पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर. शेपूट खाली गेली. बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली, वेल्क्रो दाबला. सरळ.

सहा मिनिटं उडालं. उतरताना नाक ढेकळात गेलं, प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, तुटला. प्रॉप तुटायलाच असतो, मी दोन जास्तीचे खिशात ठेवतो.

साडेदहा

नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. टीव्हीचे बोर्ड, मिक्सरचे स्विच, अडॅप्टर, रिमोट. घर त्याच्यावर चालतं. विमानाच्या सामानाचं एकच कपाट आहे, तेही काउंटरच्या मागे, कारण पुढे ठेवलं की लहान पोरं ‘ड्रोन केवढ्याला’ विचारत बसतात.

पहिलं गिऱ्हाईक जळलेला ईएससी घेऊन आलं. ईएससी म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मधला वेग सांभाळणारा तुकडा. वरचं प्लास्टिक तपकिरी, वास अजून ताजा.

“काका, तीस अँपिअरचा होता. कसा काय गेला?”

“मोटर कोणती?”

“बावीसशे केव्हीची.”

“आणि प्रॉप?”

“दहा इंची. मोठा लावला तर जास्त ओढेल म्हणून.”

इथेच सगळे घसरतात. केव्ही म्हणजे ताकद, असं पोरांच्या डोक्यात बसलंय. तो आकडा सांगतो एका व्होल्टला रिकामी मोटर मिनिटाला किती फेरे घेते ते. १००० केव्हीला तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी दिली, तर बिनओझ्याचे अकरा हजार फेरे. तिला दहा इंची प्रॉप शोभतो, करंट १५ अँपिअरच्या आसपास राहतो. २२०० केव्हीच्या मोटरला सहा इंची प्रॉप लागतो. तिला दहा इंची दिला, तर शिंगरू बैलगाडीला जुंपल्यासारखं होतं. ओढायचा प्रयत्न करतं, करंट खातं आणि मधला ईएससी जीव देतो. त्याला नवा ईएससी दिला नाही. १००० केव्हीची मोटर घेऊन ये म्हटलं, मग बघू.

बारा

एक गृहस्थ आले, सोबत दहावीचा मुलगा. पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात लूमचे जॉबर आहेत, हे बोटांवरच्या ग्रीसवरून आधी कळलं आणि त्यांनी नंतर सांगितलं. मुलाने वहीत यादी लिहून आणली होती. वरच्या ओळीला कॅमेरा, मग जीपीएस, मग बारा चॅनलचा रेडिओ. खाली कुठेतरी ‘चार्जर (स्वस्त)’.

“मालक, दहा हजार आणलेत,” वडील म्हणाले. “परीक्षा झाल्यावर उडवणार म्हणतो. बसतंय का?”

मी वहीतली यादी उलटी वाचायला सुरुवात केली. पहिलं विमान मोडणार, हे धरूनच पैसे वाटायचे. पन्नास रुपयांचा फोमबोर्ड मोडला तर ग्लू गनने चिकटतो. जे मोडणार नाही, पुढच्या चार विमानांत कामाला येईल, त्यात निम्मे पैसे घालायचे. ते म्हणजे रेडिओ आणि रिसीव्हर. सहा चॅनल नवशिक्याला भरपूर होतात. फ्लायस्काय आय-सिक्स चार साध्या पेन्सिल सेलवर चालतो, सोबत दोन अँटेनाचा रिसीव्हर येतो. त्या अँटेना विमानात एकमेकींना काटकोनात ठेवायच्या, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी ऐकते. थ्रॉटल डाव्या हाताला असलेला, मोड टू म्हणतात तोच घ्यायचा, कारण उद्या शिकवणाऱ्याच्या हातात रेडिओ द्यायची वेळ आली तर त्याचे हात त्याच सवयीचे असतात. आमच्या वेळी सेटमध्ये क्रिस्टल असायचा. माळावर दुसऱ्या कुणी त्याच नंबरचा सेट चालू केला की आपलं विमान गेलं. २.४ गिगाहर्ट्झचे सेट आल्यापासून तो घोर मिटला.

उरलेल्यातले निम्मे बॅटरी आणि चार्जरला. मुलाने तोंड वाकडं केलं. कॅमेरा यादीतून गेला होता.

“चार्जर स्वस्तातला का नको?” वडिलांनी विचारलं.

मी ड्रॉवरमधून एक फुगलेली लायपो बॅटरी काढली. उशीसारखी. वरच्या स्टिकरवर २२०० मिलीअँपिअर-तास आणि मोठ्या अक्षरांत ३० सी. एका पुरवठादाराने मला अशा दहा दिल्या होत्या. चार्जरवर लावली तेव्हा पडद्यावरचा आकडा १४०० च्या आसपास थांबला. त्यापुढे पोटात जागाच नव्हती. परत घेतल्या नाहीत, पैसे बुडाले. पण आकडा दाखवणारा चार्जर नसता, तर त्या मी दहा पोरांना विकल्या असत्या. सेल वेगवेगळा तपासणारा, बॅलन्स करणारा चार्जर हवाच. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरला की थांबायचं आणि उडवताना साडेतीनला बझर वाजला की उतरवायचं. २२०० च्या बॅटरीला चार्जिंग २.२ अँपिअरने, घाई नाही. सोलापूरच्या उन्हात ती डिकीत ठेवायची नाही. घरात ठेवायची तर चार्ज ३.८ वर आणून, वाळू घातलेल्या मडक्यात.

“मटक्यात?” वडील हसले.

“पेटली तर मटक्यातच पेटेल.”

मग ए२२१२, १००० केव्हीची मोटर, तीस अँपिअरचा ईएससी, रडर वगैरे हलवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो. मुलाला मी तीनच चॅनलचं विमान सुचवलं, म्हणजे थ्रॉटल, एलिव्हेटर, रडर. त्याला दोनच सर्व्हो लागतात, पण दोन जास्तीचे असू देत, त्यांचे दाते प्लास्टिकचे असतात. ईएससी रिसीव्हरला पाच व्होल्ट पुरवतो, वेगळी बॅटरी लागत नाही. चार सर्व्हो एकदम ताणले की तो गरम होतो, हाही कमी सर्व्हो लावायचा एक फायदा.

दाखवायला म्हणून मोटर व्हाइसमध्ये धरली, वॉटमीटर मधे लावला आणि थ्रॉटल वर नेला. प्रॉप लावल्यावर आकडा चौदा अँपिअरच्या पुढे गेला. जॉबरांनी पडदा न बघता कान पुढे केला.

“ओझं बरोबर बसलंय,” ते म्हणाले.

कॉलेजच्या पोरांना हे समजवायला मला अर्धा तास लागतो.

तीन

झोप. शटर अर्धं खाली. मार्च आहे, पण ऊन वैशाखाचं.

सहा

मिक्सरवाले, रिमोटवाले, एक आजी आपला रेडिओ घेऊन. विविध भारती लागत नाही म्हणाल्या. लागत होती, आवाजाचं बटण खराब होतं.

मधेच सकाळचं पोरगं आलं. प्रॉप पाहिजे होता, त्याहून जास्त काहीतरी बोलायचं होतं. त्याच्या मित्राने सहा हजारांची मोटर मागवलीय, त्याला रेडिओ मात्र जुना उसना घ्यायचाय. मी काही बोललो नाही. गल्लीच्या तोंडाशी चहावाला ओरडला, दोन कप घेतले.

रात्री पावणेदहा

शटर ओढायच्या बेतात होतो, फोन वाजला. जॉबर.

“मालक, मोटर लावली. उलटी फिरायली होती.”

हा फोन प्रत्येक नवशिक्याचा येतो. माझं उत्तर तयार असतं. मोटरच्या तीन वायरी असतात, त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या. मी तोंड उघडलं.

“दोन वायरी बदलल्या मी,” ते म्हणाले. “थ्री फेज आहे की ही. लूमची मोटर उलटी लागली की आम्ही तेच करतो. पोरगं म्हणत होतं, मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.”

“पंखा काढून ठेवला होता ना, फिरवताना?”

“पंखा अजून पिशवीतच आहे. तो परीक्षा झाल्यावर मिळणार.”