चिखलणीत पॉवर टिलर आचके का देतो?



पेणच्या खारेपाटात आणि रोह्यात कुंडलिकेकाठच्या भातखाचरांत जुलैमध्ये चिखलणीची घाई असते. रोपे 21 ते 25 दिवसांची झाली की लावणी व्हावयास हवी. नेमक्या याच वेळी पॉवर टिलरचे इंजिन मध्येच दम टाकते, आचके देते व पुन्हा सुरळीत चालते. असा बिघाड चटकन सापडत नाही, म्हणून पुष्कळदा सरळ पंप किंवा नोझल खोलले जाते. त्यात पैसा जातो, दिवस मोडतात, वाफ्यात रोपे जून होतात आणि पुढे फुटवे कमी येऊन उत्पादन घटते. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करावी. प्रथम आचका केव्हा येतो, ते पाहावे.

1. थोडा वेळ चालून दम टाकणे : टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले असावे. झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर दोष तोच. छिद्र तारेने मोकळे करावे.

2. बांध ओलांडताना आचका येणे : डिझेल कमी असताना टिलर कलला की नळीत हवा शिरते. टाकी निम्म्यावर भरलेली ठेवावी. एअर काढताना प्रथम फिल्टरवरील व नंतर पंपावरील स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबले की डिझेल वाहत असतानाच तो आवळावा.

3. रिकामा ठीक, पण चिखलात ढेपाळणे : डिझेल फिल्टर तुंबलेला असतो, तो बदलावा. धूर काळा येत असल्यास एअर क्लीनर साफ करावा.

4. केव्हाही आचका येणे : डिझेलमध्ये पाणी असण्याचा संभव असतो. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळातील डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी बसते. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचे पाणी होते, म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी.

एका वेळी एकच दुरुस्ती करून टिलर चालवून पाहावा. म्हणजे दोष नेमका कळतो. एवढे करूनही आचके थांबले नाहीत, तरच नोझल मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. दाबाचे डिझेल कातडीत घुसते व गंभीर इजा होते.

ही तपासणी मृगापूर्वीच उरकल्यास ऐन लावणीत खोळंबा होणार नाही.