पऱ्हाटी जोमात आली, पण ती टॉनिकमुळेच का?

समजा, कोरपना तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पऱ्हाटीवर नवं टॉनिक फवारलं आणि बोंडं भरपूर लागली. व्हिडिओ फिरला, दुकानात मागणी वाढली. पण त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल तर? बीएस्सीच्या मुलांना प्रयोगाची आखणी शिकवायला हा एक प्रश्न पुरेसा आहे.

तुलना कशाशी?
टॉनिक फवारलेल्या तुकड्याशेजारी नुसतं पाणी फवारलेला तुकडा हवा. बियाणं, खत, लागवडीची तारीख सारखीच. तरच फरक टॉनिकचा की हंगामाचा, हे कळतं.

चिठ्ठ्या का टाकायच्या?
आपण निवडलं तर टॉनिक नकळत चांगल्या जमिनीवर जातं. म्हणून कोणत्या तुकड्यावर काय फवारायचं हे चिठ्ठी ठरवते. तुकडेही एकेकच नकोत. एकात पाणी साचलं तर निकालच फसतो. वावराला उतार असेल तर वरच्या हलक्या आणि खालच्या भारी जमिनीत दोन्ही प्रकारचे तुकडे ठेवायचे. इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी या पद्धती मांडल्या. प्रयोगांच्या आखणीवरचं त्यांचं पुस्तक 1935 मध्ये आलं.

हे फक्त शेतापुरतंच आहे का?
नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबवली. तुलनेसाठी 47 गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तुलनेची गावं नसती, तर ‘हे आपोआपच झालं असेल’ असं कुणीही म्हटलं असतं.

मात्र इथे गावं चिठ्ठीने वाटलेली नव्हती. मग दोन्ही गट मुळात सारखे होते का? सुरुवातीच्या, म्हणजे 1993 ते 95 च्या नोंदींत मृत्यूचं प्रमाण सारखंच होतं. ही शंका काढायला आणि तिचं उत्तर नोंदींत शोधायला मुलांना शिकवायचं.

वर्गात काय करता येईल?
वीस कुंड्या, एकच माती, एकाच पाकिटातला मूग. चिठ्ठ्या टाकून दहा कुंड्यांना टॉनिक, दहांना पाणी. उंची मोजणाऱ्याला कोणती कुंडी कशाची हे सांगायचं नाही. खर्च थोडा, पण पुढच्या वेळी घरचे टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालायला निघाले, की ‘न फवारलेल्याचं काय झालं?’ हे ती मुलं नक्की विचारतील.