खारीच्या पाठीवर पट्टे किती?

वऱ्हाडातल्या भातकुलीत कडुनिंबावर सरसर चढणारी खार दाखवून कुणालाही विचारा, पट्टे किती? उत्तर येईल, तीन. पाठीवर ठळक तेवढेच दिसतात. पण ती फांदीवर आडवी बसली की बाजूनं नीट पाहा. दोन्ही कुशींवर एकेक फिकी रेघ असते. म्हणजे पाच झाले! वऱ्हाडात घराभोवती वावरते ती बहुधा हीच पाच पट्ट्यांची खार. तीनच पट्टे असलेली खार मुख्यतः दक्षिणेकडची. पट्ट्यांवरून नर-मादी ओळखता येतात म्हणतात, त्यात तथ्य नाही. ह्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोन्हींत नर-मादी सारखेच दिसतात.

रामानं पाठीवरून बोटं फिरवली ही कथा गोड आहे, ती कथा म्हणूनच सांगावी. पट्टे उमटतात ते जनुकांमुळे. आफ्रिकेतल्या पट्टेदार उंदरावरचं संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. एएलएक्स-3 हे जनुक फिकट पट्ट्याच्या जागी रंगपेशींची वाढ रोखतं, असं त्यात दिसलं. खारीच्याच कुळातल्या चिपमंकमध्येही तेच आढळलं. पट्ट्यांच्या आजूबाजूचा करडा रंगही दिसतो तसा एकजिनसी नसतो. एकाच केसावर गडद आणि फिकट टप्पे असतात, लांबून ते मिसळून करडे वाटतात.

मोबाइलवर फिरणारी कुळकुळीत काळी खार बहुतेक वेळा उत्तर अमेरिकेतली करडी खार असते. काळा हा तिचाच एक रंग. एकाच वेतात करडी आणि काळी पिल्लं होऊ शकतात. आपल्याकडच्या रानात ती नाही.

मेळघाटातलं शेकरू म्हणजे म्हातारी, मोठी झालेली खार, असंही ऐकू येतं. साफ चूक. आपला हा राज्यप्राणी वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याच्या अंगावर तांबूस, काळा आणि पिवळसर असे रंग असतात, आणि प्रदेशागणिक त्यांची मांडणी बदलते.

राहिली पांढरी खार. ती दैवी नाही, वेगळ्या जातीचीही नाही. डोळे गुलाबी असतील तर अंगात रंगद्रव्यच तयार होत नाही. काळे असतील तर रंग फक्त केसांतून गेलेला असतो. दिसली तर दुरूनच फोटो काढा, पिंजऱ्यात घालू नका. पांढऱ्या अंगामुळे शिक्र्याच्या आणि मांजराच्या नजरेत ती आधीच लवकर भरते.