आकडा वाढला, पण कशाचा?

दरवर्षी केव्हातरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक बातमी झळकते. 'देशात गुन्हेगारी वाढली!' बाजूला चौकटीत मोठमोठे आकडे असतात. आजोबा चष्मा सरसावून ती बातमी मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, "आमच्या वेळी असं नव्हतं हो!" आई लगेच ताईला बजावते, "क्लासवरून साताच्या आत घरी यायचं." म्हणजे पाहा, दिल्लीत छापलेल्या एका आकड्यानं तुमच्या घरातलं वेळापत्रक बदलतं! मग हा आकडा येतो कुठून, तो मोजतं कोण, हे तुम्हांला माहीत असायला नको का?

समजा, तुमची सायकल चोरीला गेली. तुम्ही बाबांबरोबर पोलीस ठाण्यात गेलात. तिथे टेबलामागे बसलेले ठाणे अंमलदार विचारतात, सायकल कोणती, रंग कोणता, कुठून गेली, किती वाजता? मग ते सगळं लिहून घेतात. ही झाली 'प्रथम खबर'. सगळे तिला एफआयआर म्हणतात. तिच्यावर गुन्ह्याचा नंबर आणि वर्ष पडतं, खाली तक्रार देणाऱ्याची सही होते आणि तिची एक प्रत आपल्याला फुकट मिळते, बरं का! ती मागून घ्यायची. हा कागद झाला की मगच तुमची सायकल सरकारी हिशेबात 'चोरीला जाते'. ठाण्याचे आकडे जिल्ह्याकडे जातात, जिल्ह्याचे राज्याकडे. आपल्या महाराष्ट्रात ते पुण्याला, सीआयडीकडे जमा होतात. तिथून ते दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पोचतात. हा विभाग १९८६ साली सुरू झाला. पण 'क्राइम इन इंडिया' हे वार्षिक पुस्तक त्याच्याही आधीचं, १९५३ सालापासूनचं आहे.

२०२३ या वर्षाच्या पुस्तकात देशभरातल्या गुन्ह्यांची बेरीज आहे ६२,४१,५६९. वर्षाची मिनिटं काढा आणि भागाकार करून पाहा. मिनिटाला जवळजवळ बारा गुन्हे येतात. बाप रे! पण थांबा, घाबरायच्या आधी हा आकडा नीट उलटसुलट करून पाहू या.

पहिली गोष्ट म्हणजे, तुम्ही ठाण्यात गेलाच नाहीत, किंवा गेलात आणि "अहो, सायकलच ना? मिळेल इथेच कुठेतरी" असं ऐकून परत आलात, तर तुमची सायकल त्या पुस्तकात नाही. ती गेली हे खरं, पण गेल्याची नोंद नाही. दुसरी गोष्ट आणखी गमतीची आहे. एखाद्या चोरानं घर फोडलं, दागिने पळवले आणि जाताना कोणाचा खूनही केला, तर एकाच एफआयआरमध्ये हे सगळं येतं. पण पुस्तकात मोजला जातो फक्त त्यातला सर्वांत मोठा गुन्हा, म्हणजे खून. चोरी मोजणीतून गळते!

मी चौथीच्या वर्गाला शिकवतो. एका वर्षी वर्गात आम्ही 'हरवलं-सापडलं' नावाची वही सुरू केली. कोणाचं पेन, कोणाचं खोडरबर, कोणाची डब्याची पिशवी, जे हरवेल ते त्यात लिहायचं. पहिल्या महिन्यात वही निम्मी भरली. एक पालक ती चाळून मला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वर्गात चोऱ्या फार वाढल्यात!" चोऱ्या कुठल्या वाढायला? आधीही खोडरबरं हरवतच होती. फरक एवढाच झाला होता, की सांगितलं तर कोणीतरी ऐकून लिहून घेतं हे मुलांना कळलं होतं.

देशाच्या वहीतही नेमकं हेच होतं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर भयंकर अत्याचार झाला आणि सारा देश रस्त्यावर आला. पुढच्या वर्षी कायदा कडक झाला. असे काही गंभीर गुन्हे नोंदवून घ्यायला जो पोलीस अधिकारी टाळाटाळ करेल, त्यालाच शिक्षेची तरतूद झाली. परिणाम काय झाला? स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची नोंद २०१२ मध्ये २,४४,२७० होती, ती २०१३ मध्ये ३,०९,५४६ झाली. एका वर्षात देशातली माणसं इतकी बिघडली का? काही गुन्हे खरंच वाढले असतील. पण आधी गप्प बसलेल्या कितीतरी जणी आता ठाण्याची पायरी चढल्या, हेही या वाढीचं मोठं कारण होतं. नव्या कायद्यानं काही नवे गुन्हेही त्या यादीत आणले होते.

मुलांच्या अपहरणाचं तर विचारूच नका. त्याच २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लहान मूल हरवल्याची तक्रार आली तर ते पळवलं गेलंय असं धरूनच गुन्हा नोंदवायचा आणि शोध सुरू करायचा. आता एखादा मुलगा गणितात नापास झाला म्हणून रागावून मामाच्या गावी पळाला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, तरी पुस्तकात तो 'अपहरण' म्हणूनच बसतो. देशातले अपहरणाचे गुन्हे २०१२ मध्ये साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास होते, ते २०१४ मध्ये ७७ हजारांच्या वर गेले. मला विचाराल तर हा नियम फार चांगला आहे. मामाकडे गेलेल्या दहा मुलांचा शोध फुकट गेला तरी चालेल, पण खरोखर पळवलेल्या अकराव्या मुलासाठी कोणी "येईल संध्याकाळपर्यंत" असं म्हणत बसता कामा नये.

आणि २०२० सालची गंमत तर कमालच आहे. तुम्हांला आठवत असेल, करोनाची टाळेबंदी होती आणि सगळे घरात होते. चोऱ्या कमी झाल्या. तरीही त्या वर्षी देशातले एकूण गुन्हे ५१ लाखांवरून एकदम ६६ लाखांवर गेले! कारण टाळेबंदीचा सरकारी हुकूम मोडणं हा गुन्हा होता. असे हुकूम मोडण्याचे गुन्हे २०१९ मध्ये २९ हजार होते, २०२० मध्ये ते सहा लाखांच्या वर गेले.

आता कळलं ना, केरळसारख्या शिकलेल्या राज्याचा आकडा देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक का दिसतो? तिथली माणसं तक्रार द्यायला कचरत नाहीत, आणि पोलीसही ती लिहून घेतात. २०२२ साली तपास पूर्ण झालेल्या गुन्ह्यांपैकी ९६ टक्क्यांत तिथे आरोपपत्र दाखल झालं होतं. एखाद्या राज्याचा आकडा फारच लहान दिसला, तर शाबासकी देण्याआधी एक प्रश्न विचारावा. तिथे गुन्हे होत नाहीत, की लिहिले जात नाहीत?

मग या पुस्तकातलं काहीच खरं मानायचं नाही का? तसं नाही. खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा असतो, कारण माणूस मेल्याचं सायकलीसारखं लपवता येत नाही. १९९२ साली आपल्या देशात चाळीस हजारांच्या आसपास खून झाले. २०२३ साली ते २७,७२१ होते, आणि मधल्या काळात लोकसंख्या तर पन्नास कोटींनी वाढली. लाखामागे साडेचार खुनांवरून आपण दोनवर आलो. आजोबांना हे जरूर वाचून दाखवा! उलट संगणक आणि मोबाइलवरून होणारे गुन्हे भराभर चढताहेत. २०२१ मध्ये ते ५२,९७४ होते, २०२३ मध्ये ८६,४२० झाले. या चोराला कडी-कोयंडा तोडावा लागत नाही. तो परराज्यात, कधी परदेशात बसून फोन करतो, "मी पोलीस बोलतोय, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे." आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' असली काही गोष्टच नाही! घरी असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवायचं. जितका उशीर, तितके पैसे लांब पळतात.

इथे वर्गातला एखादा तरी हात वर करतोच. "गुरुजी, पण पोलीस चोरांना पकडून चांगले फटके का देत नाहीत? सिनेमात तर इन्स्पेक्टर दोन मिनिटांत कबूल करायला लावतो!"

सिनेमातला तो इन्स्पेक्टर कोर्टात गेला तर त्याची फजिती होईल. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. का बरं? कारण मार बसला की माणूस काहीही कबूल करतो. न केलेलंसुद्धा! मग खरा चोर मोकळा फिरतो आणि भलताच आत जातो. म्हणून पोलिसांनी पुरावा शोधायचा असतो, ठसे, साक्षीदार, पंचनामा असा. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायचं असतं. हे खुद्द आपल्या राज्यघटनेत लिहिलं आहे.

तरीही कोठडीत मारहाण होत आली, माणसं दगावत आली. हे लपवण्यात अर्थ नाही. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या डी. के. बासू यांनी अशा बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच अर्ज मानलं! दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, निकाल लागला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद साक्षीदारापुढे व्हावा, घरच्यांना कळवावं, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांनी तपासावं, असे नियम त्यातून आले.

आपले पोलीस ज्या कायद्याच्या मुशीतून निघाले, तो १८६१ सालचा आहे. साल लक्षात आलं? १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी! इंग्रजांना लोकांचं रक्षण करणारे पोलीस नको होते, लोकांना धाकात ठेवणारे हवे होते. स्वातंत्र्य आलं, मुंबई राज्यानं १९५१ साली आपला वेगळा कायदा केला, पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असं लिहिलं गेलं. म्हणजे सज्जनांचं रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त. पण दुष्ट कोण, हे पोलिसांनी ठरवायचं नसतं. ते न्यायालय ठरवतं. लोकशाहीतल्या पोलिसाचं काम अवघड होतं ते इथेच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ साताऱ्याकडचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी काय केलं, ते तुम्ही ऐकलं असेल. हातात फक्त लाठी होती. समोर रायफलधारी अतिरेकी कसाब. ओंबळ्यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण नळी सोडली नाही. त्यांच्यामुळे कसाब जिवंत सापडला. मग त्याच्यावर खटला चालला. त्याला सरकारी खर्चानं वकील दिला गेला. "याला कशाला वकील?" असं तेव्हा घरोघरी लोक म्हणायचे. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयानं त्याला फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली.

पण याच खटल्यातली दुसरी हकिगत फारशी सांगितली जात नाही. कसाबबरोबर आणखी दोघे आरोपी होते. त्यांनी हल्ल्यासाठी नकाशे पुरवले, असा आरोप होता. एक नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. न्यायाधीशांनी तो पाहिला. गोळ्या लागून मेलेल्या माणसाच्या खिशातला कागद, आणि त्यावर रक्ताचा डागही नाही! त्यांना ते पटलं नाही. त्या दोघांना त्यांनी या खटल्यातून निर्दोष सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. सगळा देश संतापानं पेटलेला असताना एक न्यायाधीश कागदावरचा डाग शोधत होते.

असा पक्का पुरावा गोळा करायला वेळ लागतो आणि माणसं लागतात. २०२० च्या सुरुवातीला देशात लाख लोकांमागे सुमारे १९५ पोलीस मंजूर होते, प्रत्यक्षात होते सुमारे १५५. शिवाय वरून कोणाचा तरी फोन आला की बदली! प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी यासाठी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २२ सप्टेंबर २००६ ला न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की ठाण्याच्या प्रमुखापासून महासंचालकापर्यंत महत्त्वाच्या अधिकाऱ्यांना निदान दोन वर्षं हलवू नका, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमा, आणि तपास करणारे पोलीस व बंदोबस्ताचे पोलीस वेगळे ठेवा. पोलीस हा विषय राज्यांचा, त्यामुळे कोणी थोडं ऐकलं, कोणी कागदावरच ऐकलं.

अनंत चतुर्दशीला मिरवणूक पाहायला गेलात, की दोरखंड धरून उभ्या असलेल्या हवालदारकाकांकडे जरा बघा. सकाळपासून ते तिथेच असतात, पहाटेपर्यंत असतील. ठाण्यात त्यांच्या टेबलावर कोणाच्या तरी घरफोडीचा पंचनामा अर्धवट पडलेला असतो, आणि परवा त्यांना कोर्टात साक्षीला जायचं असतं.