लोअर केलेली गाडी रोज चालवायची? मग मिलिमीटरचा हिशोब शिका

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इअरफोन विसरलेत, किंवा ऑफिसमध्ये गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं... म्हणजे..." तेवढं काढून टाकलंय.

गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, गाडी लोअर करायचीय, रोजच्या वापराला चालेल का?" एकाने तर विचारलं, "पहिलीच गाडी घेतोय, डिलिव्हरीच्या आठवड्यातच स्प्रिंग बदलू का?" तर आज त्यावरच.

माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे, जुनी १.२ लिटरवाली. १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी. आपल्या चाकणची लेक! पोलो तिथे २०२२ पर्यंत बनत होती. मी ती तीन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली, तेव्हा ती आधीच ३५ मिलिमीटर खाली केलेली होती. आधीच्या मालकाने चांगल्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप टाकले होते, आणि कंपनीच्या मूळ स्प्रिंग पोत्यात बांधून डिकीत दिल्या होत्या. हे पोतं लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

धायरी ते हिंजवडी, एका बाजूला वीसेक किलोमीटर. ऊन, पाऊस, ट्रॅफिक, सगळं हिच्यावरच. त्यामुळे आज जे सांगतोय ते रील बघून नाही, टेप हातात धरून मोजलेलं आहे.

आधी फायदा, कारण तो खराच असतो

लोक फक्त दिसण्यासाठी गाडी खाली करतात असं नाही. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर ढकललं जातं. किती ढकललं जाणार हे गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, किती उंचावर आहे यावर ठरतं. तो जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे असं धरा. ३५ मिमी खाली आला म्हणजे ७ टक्के. तेवढंच वजन कमी सरकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ताम्हिणी घाटात लागोपाठ डावं-उजवं वळण आलं की कळतं. गाडी डुलत नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. हा फायदा नुसत्या उंचीचा नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्या रचनेत गाडी खाली आली की सस्पेन्शनचे खालचे हात आडवे पडतात, आणि गाडी कलंडू नये म्हणून मिळणारा भूमितीचा आधार उलट कमी होतो. ती भरपाई कडक स्प्रिंग करते. म्हणून "ग्राइंडरने दीड वेढा कापून देतो, पाचशे रुपयात काम" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. कापलेली स्प्रिंग आपल्या जागी नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लटकलं की ती सुटी होऊ शकते. मूळ शॉकअप त्या स्प्रिंगसाठी बनलेला नसतो, तो वेगळाच.

खरी किंमत: चाकाला वर जायला जागा

खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर जातं, स्प्रिंग दबते. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मिमी जागा होती. ३५ मिमी खाली केल्यावर उरली ४५. धक्का तेवढाच आहे, पण तो निम्म्या जागेत जिरवायचाय. म्हणून स्प्रिंग कडक करावी लागते, आणि तरीही जागा संपली की आतलं रबर, म्हणजे बंप स्टॉप, आपटतं. "धाड" असा जो आवाज येतो ना, तो हाच.

आता यात अजून बारीक टायर टाकायचा मोह होतो. टाकू नका. माझे टायर १९५/५५ आर१६ आहेत. म्हणजे टायरची बाजूची भिंत १०७ मिमी. २०५/४५ आर१७ टाकले तर ती ९२ होते. स्प्रिंगकडची जागा आधीच कमी केलीय, आता रबराचीही १५ मिमी गेली, तर उरलेला धक्का रिम खाणार. रिम वाकते, टायरला फुगा येतो. हवेचं प्रेशर दर पंधरा दिवसांनी बघायचं, आणि स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच. नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतो, आणि ती कडा उभ्याने बघितली तर दिसतच नाही.

गतिरोधक: उंची नाही, आकार बघा

आता आजचा मुख्य मुद्दा. सगळे विचारतात, "किती उंचीचा स्पीड ब्रेकर चालतो?" प्रश्नच अर्धा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकांसाठी मानक आहे, आयआरसी ९९. त्यात साध्या वाहतुकीसाठी गोलाकार गतिरोधक सांगितलाय: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.४७ मीटर. म्हणजे गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली की चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात. गतिरोधक गाडीलाही उचलून धरतो! हिशोब केला तर तो पोटाखालची जागा फक्त ४५ मिमी खातो.

आता आपल्या सोसायटीच्या गेटसमोरचा घ्या. कुणीतरी उरलेलं काँक्रीट ओतून केलेला, अर्धा मीटर रुंद, उंची तीच १० सेंटीमीटर. पुढची चाकं उतरून गेली, मागची अजून चढली नाहीत, मध्ये पोट. हा पूर्ण १०० मिमी खातो. उंची सारखी, पण दुपटीहून जास्त फरक.

बेसमेंट पार्किंगचा रॅम्पही तसाच. सरळ जमिनीवरून एकदम आठास एक असा उतार सुरू झाला, आणि कोपरा गोल केलेला नसला, तर तो ७७ मिमी खातो.

आता माझ्या गाडीचे आकडे. रिकामी असताना इंजिनखालच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत १३० मिमी. चार माणसं बसली की १०५. मग बघा:

मानकाचा गतिरोधक: १०५ वजा ४५, उरले ६०. आरामात.
रॅम्प: १०५ वजा ७७, उरले २८. हळू घ्या.
सोसायटीवाला: १०५ वजा १००, उरले ५ मिमी. नशिबावर.

आणि तो काँक्रीटवाला गतिरोधक बारा सेंटीमीटरचा निघाला तर? तर उतरा सगळे, चालत पलीकडे जा. मूळ उंचीच्या गाडीत चार माणसं बसली तरी १४० मिमी उरतात, म्हणून तुमच्या मित्राची तीच गाडी तिथून आरामात जाते आणि तुमची घासते.

विकत घेण्याआधी करायची टेस्ट

यासाठी पैसे लागत नाहीत. गाडीत चार माणसं बसवा आणि सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. त्यातून जितकं लोअर करायचंय तेवढं वजा करा. आलेल्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे घ्या. दोन चाकांमधल्या अंतराएवढी दोरी घ्या. गतिरोधकाच्या अलीकडे एक ठोकळा, पलीकडे दुसरा, आणि वर दोरी ताणून धरा. मग दोन्ही ठोकळे सोबत पुढे-मागे सरकवून बघा. दोरी गतिरोधकाला टेकली, तर गाडीचं पोटही टेकू शकतं.

दोरी आणि गतिरोधकात किमान दोन बोटं अंतर हवं, कारण ब्रेक दाबला की गाडीचं नाक अजून खाली जातं. हीच टेस्ट घरच्या रॅम्पवर, ऑफिसच्या रॅम्पवर आणि आजीच्या गावच्या फाट्यावर करा. एका रविवारचं काम आहे.

रोजच्या सवयी

एक. गतिरोधकाच्या आधी ब्रेक लावा आणि पुढचं चाक चढायच्या क्षणी सोडा. नाक वर येतं, थोडे मिलिमीटर परत मिळतात.

दोन. अरुंद गतिरोधक तिरका घ्या, म्हणजे एखादं चाक तरी त्यावर राहून गाडीला उचलून धरतं. पण आधी आरसा बघा. तुम्ही रांगायच्या वेगावर येणार हे मागच्या दुचाकीवाल्याला माहीत नसतं. मी बरंच आधीपासून ब्रेक हलका दाबून मागचा लाल दिवा दाखवत राहतो. तुमच्या बंपरपेक्षा त्याचा गुडघा महाग आहे.

तीन. चेंबर! मराठीत या शब्दाची गंमत आहे. रस्त्यातलं वर आलेलं झाकण म्हणजे चेंबर, आणि मेकॅनिकच्या भाषेत इंजिनखालची तेलाची टाकीही चेंबरच. या दोघांची भेट होऊ द्यायची नाही. झाकण दोन चाकांच्या मध्ये घेण्यापेक्षा, ते घट्ट बसलेलं दिसत असेल तर चाक त्यावरून न्या.

चार. खालून जोरात लागलं तर पुढे जाऊन थांबा, खाली वाका, तेल टपकतंय का बघा. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद. "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणायचं नाही. तेलाविना चालवून इंजिन गेलं तर विमा कंपन्या त्याला नंतर ओढवलेलं नुकसान म्हणतात आणि साध्या पॉलिसीत ते भरून देत नाहीत.

पाच. डिकीत एक फळी ठेवा. पंक्चरवाल्याचा ट्रॉली जॅक बऱ्याचदा खाली जातच नाही. आधी फळीवर चाक चढवायचं, मग जॅक.

सहा. पावसात पाण्याचा अंदाज शेजारच्या उंच गाडीवरून घेऊ नका. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येईल असं वाटलं तर वळा. इंजिनने हवेसोबत पाणी ओढलं तर आतला रॉड वाकतो.

कायदा आणि विमा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सोडून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "स्प्रिंग आरसीवर लिहिलेली नसते, काही होत नाही" हे गॅरेजचं वाक्य आहे, कायद्याचं नाही. आरटीओत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. मी गाडी नावावर झाली त्याच आठवड्यात ईमेल केला होता. न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्याविरुद्ध जाऊ शकतो.

मग माझं उत्तर काय?

घरात दुसरी गाडी असेल, रॅम्प दोरीच्या टेस्टमध्ये पास असेल, आणि कागदपत्रं स्वच्छ असतील, तर २०-२५ मिमीच्या पुढे जाऊ नका, आणि शॉकअप स्प्रिंगसोबतच घ्या. घरात एकच गाडी असेल तर मी नको म्हणेन. चांगले टायर घ्या, अलाइनमेंट नीट ठेवा, हवं तर नुसते शॉकअप सुधारा. घाटातली बरीच मजा तिथेच मिळते.

कारण हे ३५ मिमी फक्त माझे नव्हते. आई मागच्या सीटवर बसते तेव्हा बंप स्टॉपचा "धाड" आधी तिच्या कमरेला कळतो. बाबा म्हणतात, "अरे, गाडीत बसायचंय की विहिरीत उतरायचंय?" हसतो आम्ही. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर फिजिओथेरपीच्या फेऱ्या, दर वेळी गाडीत तीन-चार माणसं, आणि त्या हॉस्पिटलच्या गेटवर एक अरुंद गतिरोधक. मी ठोकळे आणि दोरी घेऊन गेलो होतो. वॉचमनकाका बघत राहिले. दोरी टेकली.

म्हणून डिकीतलं पोतं उघडलंय. शनिवारी मूळ स्प्रिंग आणि त्यांचेच शॉकअप बसणार, मग अलाइनमेंट. ३५ मिमीने बाबांचा त्रास संपणार नाही, सीट काही खुर्चीएवढी उंच होणार नाही. पण दारातून बाहेर पडताना दोन बोटं कमी उठावं लागेल, आणि गेटवर त्यांना उतरून चालायला सांगावं लागणार नाही. ताम्हिणीत गाडी थोडी जास्त डुलेल. डुलू दे.

तुमच्या रॅम्पवर दोरीची टेस्ट केलीत तर आकडे पाठवा: चाकांमधलं अंतर, भरलेल्या गाडीची उंची, आणि दोरी टेकली की नाही. पुढच्या एपिसोडमध्ये ते वाचून दाखवतो, आणि मूळ स्प्रिंगवर पहिला आठवडा कसा गेला तेही सांगतो. तोपर्यंत, सांभाळून चालवा. भेटूया!