नव्याने बांधलेले एंजिन प्रथम सुरू करताना

परतीचा पाऊस उघडला, जमिनीस वाफसा आला, आणि नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टर गॅरेजात उघडून पडलेला असला म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल होते. लायनर, पिस्टन व रिंगा नव्या बसतात, क्रँक घासून तीस मापाची बेअरिंगे घातली जातात, मोठी रक्कम खर्ची पडते. मग दिवस मावळता मावळता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून साखळी लावतात आणि जुना ट्रॅक्टर ओढून सुरू करतात. एंजिन धूर ओकते, जमलेली मंडळी खूष होतात, आणि दुसऱ्या दिवशी नांगर जोडला जातो. थोड्याच दिवसांत एंजिनाच्या खालच्या अंगातून ठोके येऊ लागले की मिस्त्रीस बोल लागतो. वस्तुतः बेअरिंगांचे नुकसान पुष्कळदा पहिल्या अर्ध्या मिनिटातच झालेले असते.

ह्याचे कारण साधे आहे. बांधून झालेल्या एंजिनात वंगणाच्या सर्व वाटा कोरड्या असतात. जोडणीच्या वेळी बेअरिंगांस हाताने तेल लावलेले असते खरे. परंतु सुट्या भागांची वाट पाहण्यात पंधरवडा गेला तर तेही ओघळून जाते. अशा एंजिनास एकदम वेग मिळाला म्हणजे तेल पोचण्यापूर्वीच धातू धातूवर घासतो. ओढून सुरू करण्यात हाच मोठा दोष आहे, कारण तेथे वेग आपल्या हाती राहत नाही.

उदाहरणादाखल बी-२७५ ट्रॅक्टर घेऊ. १९६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा हा चार सिलिंडरचा, सुमारे ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुष्कळांच्या परिचयाचा आहे. ह्या जातीच्या कोणत्याही जुन्या डिझेल ट्रॅक्टरास पुढील रीत लागू पडते. मापे मात्र त्या त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावीत. मिस्त्रीच्या तोंडी हिशेबावर विसंबू नये.

प्रथम झडपांची फट तपासावी. एंजिन हाताने सावकाश फिरवावे. चौथ्या सिलिंडरची एक झडप मिटत असून दुसरी उघडू लागते, त्या क्षणी पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतात. तेव्हा पहिल्याची फट घ्यावी. पहिल्यावरून चौथ्याची, आणि दुसऱ्या-तिसऱ्याची एकमेकांवरून, अशी जोडी लागते. हाताने फिरविताना एंजिन कोठे अडले तर स्टार्टरास हात न लावता अडचणीचे मूळ शोधावे.

त्यानंतर डिझेलच्या वाटेतील हवा काढावी. फिरत्या जातीच्या इंधनपंपाचे वंगण डिझेल हेच असते. म्हणून तो कोरडा फिरविणे बरे नव्हे, आणि हे काम तेलाच्या आधी उरकलेले चांगले. टाकीची तोटी उघडून फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा आणि उचलपंपाचा दांडा हाताने मारीत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी निखळ धार लागते. धार लागली की स्क्रू आवळून हीच कृती मोठ्या पंपावरील स्क्रूंवर करावी. दांडा सैल लागत असेल व डिझेल उचलले जात नसेल तर पंप बिघडला असे एकदम मानू नये. पुष्कळदा आतील कॅमचा उंचवटा त्याच्या आड आलेला असतो. एंजिन एक फेरा फिरविले की दांडा काम करू लागतो.

आता मुख्य काम. तेलाच्या फिल्टरची वाटी तेलाने भरून बसवावी आणि एंजिनात खुणेपर्यंत तेल घालावे. इंजेक्टर काढून ठेवावेत. त्यामुळे हवा दाबली जात नाही व एंजिन हलके फिरते. बंद करावयाची कळ ओढून धरावी आणि स्टार्टर १० ते १५ सेकंद फिरवून तेवढाच, किंबहुना अधिक, विसावा द्यावा. काटा दाब दाखवीपर्यंत हे चालू ठेवावे. काटा नादुरुस्त असल्यास (जुन्या ट्रॅक्टरात तो नादुरुस्तच असावा अशी जणू रूढी आहे) वरचे झाकण काढून रॉकरपर्यंत तेल पोचलेले डोळ्यांनी पाहावे. तेल दिसले नाही तर एंजिन सुरू करू नये, मग वाफसा जात असला तरी.

इंजेक्टर परत बसविताना जुना तांब्याचा वायसर भोकाच्या तळाशी चिकटून राहिलेला नाही, एवढे पाहावे. त्यांच्या नळ्यांची टोके सैल ठेवून, कळ पूर्ववत करून स्टार्टर मारावा आणि डिझेल उसळू लागताच ती आवळावीत. ह्या वेळी हात दूर ठेवावा. इंजेक्टरमधून सुटणारा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा.

एंजिन पहिल्याच प्रयत्नात न लागल्यास हवेच्या तोंडाशी पेटते फडके धरण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. नव्या रिंगांस असले दणके सोसत नाहीत. पांढरा धूर येत असून एंजिन लागत नसेल तर डिझेल जाते आहे पण जळत नाही, एवढे कळते. अशा वेळी पंपाची वेळ तपासावी. क्रँकच्या एका फेऱ्याची चूक झाली तर डिझेल भलत्याच वेळी पडते. पहिल्या सुरुवातीस एक जाड फळी मात्र जवळ असावी. तेलाच्या हवा-गाळणीत खुणेच्या वर तेल भरलेले असले तर एंजिन तेच ओढून बेफाम धावू लागते आणि बंद करावयाच्या कळीस जुमानत नाही. मग फळीने हवेचे तोंड झाकणे हाच उपाय. हाताने झाकू नये.

एंजिन लागले की प्रथम तेलाचा दाब पाहावा. दाब नसेल तर लगेच बंद करावे. दाब असेल तर मध्यम वेगावर अर्धा तास चालवून पाणी, तेल व डिझेल कोठे गळते का ते तपासावे. तासन्तास मंद गतीवर ठेवून "एंजिन मोकळे करणे" ही समजूत चुकीची आहे. रिंगा लायनरवर दाबून बसण्यास त्यांच्यामागे जळलेल्या वायूचा जोर लागतो, व तो भाराखेरीज येत नाही. बिनभाराने चालविल्यास लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि पुढे एंजिन तेल पीत राहते. म्हणून पहिल्या दिवसापासून हलके काम द्यावे. रिकामी ट्रॉली वा उथळ कुळवणी चालेल, खोल नांगरट नको.

हेडचे नट पुस्तिकेत सांगितल्या वेळी, मधून कडेकडे ह्या क्रमाने, पुन्हा आवळावेत. त्यामुळे झडपांची फट बदलते. तीही पुन्हा घ्यावी. पहिले तेल नेहमीपेक्षा बरेच लवकर बदलावे आणि काढलेले तेल पांढऱ्या फडक्यातून गाळावे. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे. बारीक राखी चमक दिसली तर चिंता नको. रुपेरी वा तांबूस कपच्या आढळल्या तर मात्र ट्रॅक्टर शेतावर न नेता खालची तेलाची परात उतरवून बेअरिंगे पाहावीत. त्या वेळी काम बेअरिंगांवर भागण्याचा संभव असतो. क्रँकला ओरखडे पडल्यावर सारे एंजिन पुन्हा उघडावे लागते.